वाण आणि गुण : पेनिसिलिनच्या बुरशीतील आनुवंशिकता

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मराठी मुलखात सर्वांच्या परिचयाची आहे. वाण म्हणजे येथे वर्ण, अंगाचा रंग. तो जन्माबरोबर येतो आणि शेजाराने पालटत नाही; गुण मात्र संगतीने लागू शकतो. आनुवंशिकीच्या मुळाशी असलेला प्रश्न या म्हणीत थोडक्यात आला आहे. जीवाच्या ठायी जी लक्षणे दिसतात त्यांपैकी वारशाने आलेली किती, परिस्थितीने घडविलेली किती, आणि परिस्थितीने घडविलेले पुढील पिढीत उतरते काय? पाठ्यपुस्तकांतून हा विषय बहुधा ग्रेगोर मेंडेल याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्यावरील प्रयोगांच्या आधारे मांडला जातो. त्या प्रयोगांची थोरवी वादातीत आहे. तथापि पुण्याच्या परिसरात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्याहून जवळचे, आणि काही बाबतींत अधिक बोधप्रद, असे उदाहरण उपलब्ध आहे. ते पिंपरीच्या पेनिसिलिनचे होय.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा आज मोटारी, दुचाकी वाहने आणि त्यांचे सुटे भाग यांसाठी ओळखला जातो. परंतु या पट्ट्यात प्रथम उभ्या राहिलेल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक पोलादाचा नव्हता, तो एका बुरशीचा होता. भारत सरकारची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. मोटारीचा सुटा भाग करणारा साचा कितीही वेळा वापरला तरी स्वतःसारखा दुसरा साचा निर्माण करीत नाही. तो झिजतो, आणि झिजला म्हणजे नवा करावा लागतो. पेनिसिलिनच्या कारखान्यातील मुख्य साधन मात्र स्वतःच आपली संख्या वाढविते, आणि वाढविताना क्वचित् बदलते. या दोन गोष्टींतच आनुवंशिकीचा बहुतेक सारा विषय सामावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

किण्वनाच्या कारखान्यात ‘वाण’ हा शब्द रंगाच्या अर्थाने न घेता शेतकरी ज्वारीच्या वा उसाच्या बाबतीत घेतो त्या अर्थाने घ्यावयाचा आहे. एकाच बीजाणूपासून वाढलेली, आणि म्हणून उगमाशी एकच आनुवंशिक घडण असलेली जी संतती, तो वाण. अशा एका वाणाचे बीजाणू शंभर चंबूंत पेरले तरी शंभर ठिकाणी पेनिसिलिनचे प्रमाण सारखे येत नाही. एखाद्या चंबूस हवा अधिक मिळते, एखाद्यात मक्याच्या भिजवणाचे पाणी किंचित दाट असते, एखाद्याचे तापमान अर्ध्या अंशाने चढते. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन याने घेवड्याच्या शुद्ध वंशावरील आपल्या प्रयोगांत नेमका हाच अनुभव घेतला होता. एकाच शुद्ध वंशातील मोठे दाणे निवडून पेरले काय किंवा लहान दाणे पेरले काय, पुढील पिढीच्या दाण्यांची सरासरी तीच राहते, हे त्याने १९०३ साली दाखविले. यातूनच १९०९ साली त्याने जनुक, जनुकरूप आणि दृश्यरूप या तीन संज्ञा रूढ केल्या. जनुकरूप म्हणजे जीवाला मिळालेला आनुवंशिक वारसा. दृश्यरूप म्हणजे त्या वारशाने विशिष्ट परिस्थितीत धारण केलेले, डोळ्यांना दिसणारे अथवा मापता येणारे रूप. पेनिसिलिनचे उत्पन्न हे दृश्यरूप होय. ज्या चंबूत ते अधिक आले त्यातील बुरशी जपून ठेवणाऱ्याच्या पदरी नवा वाण पडेलच असे नाही. पुष्कळदा त्याच्या हाती केवळ चांगल्या हवेचा चंबू लागलेला असतो. म्हणून उत्पन्नातील एकंदर विचरणापैकी जनुकीय भेदांमुळे आलेले किती व परिस्थितीमुळे आलेले किती, हे वेगळे काढल्यावाचून निवडीला अर्थ राहत नाही. एकच नमुना अनेक चंबूंत पुन्हा पुन्हा पेरून पाहण्याचा कंटाळवाणा उद्योग प्रयोगशाळांतून केला जातो तो याच कारणासाठी.

औद्योगिक वापरातील पेनिसिलिनच्या जवळजवळ सर्व वाणांचा मूळ पुरुष एकच आहे. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया या गावी, तेथील शेतकी संशोधनशाळेत, बाजारातून आणलेल्या एका नासक्या खरबुजावरची बुरशी वेगळी करण्यात आली. तिचा क्रमांक एनआरआरएल १९५१. (हा क्रमांक आहे, सालाशी त्याचा संबंध नाही; विद्यार्थ्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो.) अलेक्झांडर फ्लेमिंग याला १९२८ मध्ये लाभलेली बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर वाढे, टाकीच्या पोटात ती नीट रुजत नसे, खरबुजावरची बुरशी खोल टाकीत, ढवळत्या द्रवात, उत्तम वाढू लागली. तिच्यापासून मिळणारे पेनिसिलिन दर लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम होते. तिच्यातच आपोआप उद्भवलेला बी-२५ हा वाण १५० पर्यंत गेला. पुढे कार्नेगी संस्थेत क्ष-किरणांचा मारा करून एक्स-१६१२ हा वाण मिळाला, त्याचे उत्पन्न ३०० च्या आसपास होते. आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात जंबुपार किरणांच्या साहाय्याने मिळविलेला क्यू-१७६ हा वाण ५५० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचला. हे सारे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात घडले. डीएनएची द्विसर्पिल रचना उलगडली ती १९५३ साली. म्हणजे जनुक हा पदार्थ कसा घडलेला आहे हे निश्चित कळण्यापूर्वीच त्याच्यात हवा तो बदल शोधून काढण्याची कला हस्तगत झाली होती. आजचे औद्योगिक वाण दर लिटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास पेनिसिलिन देतात.

हे बदल कोणत्या प्रकारचे होते, हा प्रश्न येथे कळीचा आहे. बुरशीला अधिक पेनिसिलिन करण्याची सवय लावली व ती सवय तिच्या संततीत उतरली, असे वर्णन सहज केले जाते. ते चुकीचे आहे. क्ष-किरणांना पेनिसिलिनची ओळख नसते. किरणांच्या माऱ्याने शेकडा नव्वदाहून अधिक बीजाणू मरून जातात. जे तगतात त्यांपैकी काहींच्या डीएनएमध्ये कोठे ना कोठे फेरफार झालेला असतो, आणि असा फेरफार झालेल्या बहुतेकांचे उत्पन्न पूर्वीपेक्षा कमीच असते. हजारो वसाहती तपासाव्यात तेव्हा एखादी सरस निघते. उत्परिवर्तन आंधळे असते. डोळस असते ती निवड. जीवाणूंच्या बाबतीत हीच गोष्ट १९४३ साली साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी गणिताने सिद्ध केली. विषाणूंना दाद न देणारे जीवाणू विषाणूंच्या संपर्कामुळे निर्माण होत असते, तर निरनिराळ्या नळ्यांत त्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात ती काही नळ्यांत शून्य आणि काहींत फार मोठी आली. अर्थात बदल संपर्काच्या आधीच, कोठे लवकर तर कोठे उशिरा, होऊन गेलेले होते. पुढे १९५२ मध्ये जोशुआ व एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या ठशाने एका तबकडीवरील वसाहती दुसऱ्या तबकडीवर उमटवून हेच डोळ्यांना दिसेल असे दाखविले. खरबुजाची बुरशी आणि लुरिया-डेलब्रुक यांचा निबंध ही दोन्ही एकाच सालची, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

या कामी बुरशीची एक सोय वाटाण्याला नाही. वाटाण्याच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक नराकडून व एक मादीकडून आलेली. त्यामुळे अप्रभावी उत्परिवर्तन प्रभावी जोडीदाराच्या आड लपून राहते व पुढील पिढीच्या संकरात प्रकट होते. पेनिसिलियमचा बीजाणू एककेंद्रकी असून ते केंद्रक एकगुणित असते. तेथे जोडीदार नाही, म्हणून पडदाही नाही. झालेला बदल त्याच बीजाणूच्या वसाहतीत तपासता येतो.

निवड एका गुणाची करावी आणि बदल दुसऱ्याही गुणांत व्हावा, हा अनुभव पैदासकारांना नवा नाही. क्यू-१७६ हा वाण क्रिसोजेनिन नावाचे पिवळे रंगद्रव्य सोडी, आणि ते औषधातून काढून टाकणे त्रासाचे होई. जंबुपार किरणांनी बीएल३-डी१० हा रंगहीन वाण मिळविण्यात आला; पण रंगाबरोबर पेनिसिलिनचे उत्पन्नही घटले, आणि ते पूर्वपदावर आणून त्यापुढे नेण्यासाठी निवडीच्या आणखी फेऱ्या कराव्या लागल्या. एकच जनुक अनेक लक्षणांवर परिणाम करीत असेल तर त्यास बहुप्रभाविता म्हणतात; एकाच माऱ्यात दोन वेगळी उत्परिवर्तने झालेली असणे हाही पर्याय असतो. या दोहोंतील निवाडा करावयाचा तर संकर करून लक्षणे वेगळी होतात की नाही हे पाहावे लागते, आणि पेनिसिलियममध्ये संकर करणे हीच त्या काळची मोठी अडचण होती.

पेनिसिलिन तयार होण्याची जैवरासायनिक वाट आज बरीच ज्ञात आहे. अमिनोअॅडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलीन या तीन अमिनो आम्लांची साखळी प्रथम जोडली जाते. दुसरे एंझाइम त्या साखळीला वळवून पेनिसिलिनचे वैशिष्ट्य असलेली दुहेरी कडी तयार करते. आणि तिसरे एंझाइम तिची शेपटी बदलून तेथे माध्यमात घातलेल्या फेनिलअॅसिटिक आम्लाचा तुकडा बसविते. या तीन एंझाइमांची जनुके पीसीबीएबी, पीसीबीसी आणि पेनडीई ही असून ती गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी पुंजक्याने आहेत. विस्कॉन्सिन ५४-१२५५ या वाणाचा संपूर्ण जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३ कोटी २० लाख क्षारकजोड्या आणि जवळपास १३,००० जनुके आढळली.

येथे एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास येते. खरबुजावरच्या मूळ वाणात या पुंजक्याची एकच प्रत आहे, आणि उत्पन्नात बराच पुढे गेलेल्या ५४-१२५५ मध्येही एकच. म्हणजे आरंभीची वाढ पेनिसिलिनची जनुके वाढल्यामुळे झालेली नाही. मग ती कशामुळे झाली? त्याचे एक उत्तर भलत्याच ठिकाणी सापडले. मूळ बुरशी फेनिलअॅसिटिक आम्लाचा मोठा भाग जाळून टाकीत असे, कारण तिच्या दृष्टीने ते निव्वळ अन्न होते. हे ज्वलन सुरू करणाऱ्या एंझाइमाच्या जनुकात उत्परिवर्तन होऊन त्यातील एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले. एंझाइम दुबळे झाले, आणि वाचलेले आम्ल पेनिसिलिनच्या कामी आले. लाभ झाला तो एका जनुकाच्या बिघाडातून. ‘पेनिसिलिनचे जनुक’ असा एकवचनी शब्दप्रयोग करणाऱ्याने हे उदाहरण जवळ ठेवावे. उत्पन्न हे अनेक जनुकांच्या आणि परिस्थितीच्या समवायातून घडणारे लक्षण आहे. एंझाइमे बनविणारी तीन जनुके हा त्यातील केवळ सर्वांत ठळक भाग आहे.

पुढील काळातील वाणांत मात्र निराळीच घटना घडली. त्यांच्यात हा पुंजका, आजूबाजूच्या डीएनएसह, एकापुढे एक असा अनेक वेळा आलेला आढळतो. काही वाणांत पाच-सहा प्रती, तर एका वाणात बारा ते चौदा. निवड करणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. त्यांनी उत्पन्न निवडले, प्रती आपोआप निवडल्या गेल्या. परंतु सारख्या मजकुराची पाने एकापुढे एक लावलेली असली म्हणजे नक्कल करताना पान गाळले जाण्याचा संभव वाढतो. तसेच या प्रतींचे होते. आपसांतील पुनर्संयोगाने त्यांपैकी काही गळून पडतात, आणि उत्पन्न घटते.

किण्वनगृहांना फार काळ सतावणाऱ्या ‘वाण खालावण्या’ची मीमांसा येथे मिळते. पेनिसिलिन करण्यात बुरशीची शक्ती खर्च होते. टाकीत कोट्यवधी केंद्रके विभाजन पावत असताना ज्याने तो खर्च टाळला त्याची वाढ किंचित जलद होते, आणि पिढ्यानुपिढ्या त्याचेच प्रमाण वाढत जाते. प्रयोगशाळेत मनुष्य निवड करतो ती एका दिशेने. टाकीत निसर्ग निवड करतो ती नेमकी उलट दिशेने. कारखानदाराला टाकीतील बुरशी ‘बियाणे’ म्हणून अनंत काळ पुढे चालविता येत नाही, ती यामुळे. मूळ वाणाचे बीजाणू गोठवून व निर्जल करून, किंवा द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, निद्रित ठेवावयाचे. दर खेपेस त्यातून थोडे घेऊन चंबू, बीजटाकी व मोठी टाकी अशा मोजक्या पायऱ्यांनी वाढवावयाचे. आणि खेप संपली की ती बुरशी टाकून द्यावयाची, असा क्रम ठेवावा लागतो. जितक्या पिढ्या कमी तितका चुकांना वाव कमी. कारखान्याची खरी पुंजी प्रचंड पोलादी टाक्यांत नसून बोटाएवढ्या बंद नळ्यांत असते.

पिंपरीच्या कारखान्यातील पेनिसिलिनचे किण्वन कालांतराने बंद पडले, आणि पेनिसिलिन-जी या मूळ द्रव्यासाठी देश मुख्यतः चीनमधून होणाऱ्या आयातीवर अवलंबून राहिला. २०२० साली केंद्र सरकारने उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जीचा समावेश केला तो हे अवलंबन कमी करण्यासाठी. इमारत व यंत्रे पैसा असल्यास दोन-तीन वर्षांत उभी राहतात. ऐंशी वर्षांची वंशावळ असलेला वाण त्या वेगाने उभा करता येत नाही. तो विकत घ्यावा लागतो, नाहीतर वारशाने यावा लागतो.

पिंपरीचे नाव आनुवंशिकीच्या आणखी एका प्रकरणाशी जोडलेले आहे. तेथील संशोधन केंद्रात एम्. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली हॅमायसिन या कवकनाशक प्रतिजैविकाची माहिती प्रसिद्ध केली. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवास स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव मिळाले, आणि अशा रीतीने पिंपरी गाव जीवशास्त्राच्या नामावळीत दाखल झाले. स्ट्रेप्टोमायसिस दिसावयास बुरशीसारखा तंतुमय असला तरी तो जीवाणू आहे. त्याला केंद्रक नाही. असे असूनही या दोन दूरच्या कुळांत पेनिसिलिनच्या संदर्भात एक नाते निघते. स्ट्रेप्टोमायसिसच्या काही जाती पेनिसिलिनच्या वर्गातील प्रतिजैविके करतात, आणि त्यांची पहिली दोन जनुके पेनिसिलियमच्या पीसीबीएबी व पीसीबीसी या जनुकांशी विलक्षण जुळतात. बुरशीच्या जनुकांत सामान्यतः आढळणारे मधले निरर्थक तुकडे या दोहोंत नाहीत. तिसऱ्यात, पेनडीईमध्ये, मात्र ते आहेत. यावरून पुष्कळ अभ्यासकांचे मत असे आहे की, पहिली दोन जनुके प्राचीन काळी जीवाणूंकडून बुरशीत आली आणि तिसरे तिच्या घरचेच आहे. हा आईबापांकडून मुलांकडे येणारा वारसा नव्हे, शेजाऱ्याकडून आलेला आहे. आरंभीची म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. फरक इतकाच की एकदा लागलेला हा गुण पुढे जन्मजात झाला.

राहता राहिला संकराचा प्रश्न. पेनिसिलियमला लैंगिक प्रजनन नाही असेच दीर्घकाळ मानले जात होते. इटलीतून ब्रिटनमध्ये गेलेले ग्विदो पोन्तेकोर्वो यांनी जे. ए. रोपर यांच्यासह प्रथम अॅस्परजिलसमध्ये, आणि १९५३-५४ च्या सुमारास जी. सेर्मोन्ती यांच्यासह पेनिसिलियममध्ये, संकराची एक आडवाट दाखवून दिली. दोन भिन्न वाणांचे कवकतंतू एकमेकांत मिळून एकाच तंतूत दोन प्रकारची केंद्रके नांदू लागतात. क्वचित् दोन केंद्रके एकरूप होऊन द्विगुणित केंद्रक बनते. आणि पुढे गुणसूत्रे एकेक गळत जाऊन पुन्हा एकगुणित, परंतु मिश्र वारशाची, केंद्रके निर्माण होतात. यास परालैंगिक चक्र म्हणतात. द्विगुणित अवस्थेत वाटाण्यासारखीच प्रभावी-अप्रभावी जनुकांची परीक्षा घेता येते. पेनिसिलिन न करणारे दोन वाण एकत्र आणून द्विगुणितात पेनिसिलिन होऊ लागले, तर दोघांतील बिघाड वेगवेगळ्या जनुकांत आहे असा निष्कर्ष निघतो. मात्र उत्पन्न वाढविणारी अनेक उत्परिवर्तने अप्रभावी असल्याने अशा संकरातून सरस वाण मिळविण्याची आशा फारशी फळास आली नाही.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. २०११ साली फ्लेमिंगची बुरशी आणि औद्योगिक वाणांची बुरशी या दोन्ही पेनिसिलियम क्रिसोजेनम नसून तिच्या निकटची पेनिसिलियम रुबेन्स ही जाती आहेत असे दाखविण्यात आले, तरी जुने नाव व्यवहारात टिकून आहे. आणि २०१३ साली जर्मनीतील उलरिख क्युक यांच्या गटाने या बुरशीचे लैंगिक प्रजनन प्रयोगशाळेत घडवून आणले. बुरशीत नर-मादी नसून दोन परस्परपूरक प्रकार असतात, आणि खरबुजावरून आलेल्या सर्व वंशात त्यांपैकी एकच प्रकार उतरलेला आहे. त्यामुळे औद्योगिक वाण आपापसांत कधीच फळले नसते. निसर्गातून मिळविलेला दुसऱ्या प्रकारचा वाण, ओटच्या पिठाचे बायोटिनयुक्त माध्यम आणि अंधार, एवढी सामग्री जुळल्यावर फळे धरली. त्या संकराच्या संततीत पेनिसिलिन करणारे, पण पिवळे क्रिसोजेनिन न सोडणारे वाण निघाले. बीएल३-डी१० च्या वेळी जी दोन लक्षणे एकमेकांपासून सोडविता आली नव्हती, ती मेंडेलच्या पद्धतीने वेगळी झाली.